नारायणगाव कुठे येतं?

मुलीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा आईने विचारलं, "किती लांब गं?" आई शहाऐंशीची. मी भूगोल शिकवण्यात अठ्ठावीस वर्षं घालवलेली, म्हणून रुबाबात म्हटलं, "मुंबई ते न्यूयॉर्क, 12,550 किलोमीटर." तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग तिच्या मापात सांगितलं: नाशिक-पुणे एसटीच्या साठ फेऱ्या. पुण्याला माहेर असल्यामुळे त्या एसटीचा तिला गाढा अनुभव.

"मग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव कुठे येतं?"

प्रश्न योग्यच होता. माळ्यावरून शाळेतला पृथ्वीगोल काढला. त्याचा व्यास 30 सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला साधारण 425 किलोमीटर. मुंबईवर दोरा धरला, न्यूयॉर्कपर्यंत ताणला आणि पट्टीवर मोजला तर साडेएकोणतीस भरला. गुणाकार करून बघा, आकडा जवळपास तोच येतो.

भिंतीवरच्या नकाशात मुलं नेहमी ही रेघ अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी आडवी मारायची. गोलावरचा दोरा मात्र थेट उत्तरेकडे निसटतो. आईला थांबे वाचून दाखवले: तुर्कमेनिस्तान, मग मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग दोन्ही अगदी हाताशी, पुढे आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, नंतर कॅनडा. आर्क्टिक वृत्त जरासं राहून जातं.

"म्हणजे बर्फावरून? मफलर घे."

आता खरं विमान या दोऱ्यावरून जातं का? नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, आणि रशियाचं 2022 पासून अमेरिकी विमानांना. दोरा दोन्हींवरून जातो. त्यामुळे कुणाचंही विमान धरा, वळसा आलाच. आमच्या तिकिटावर सोळा तास होते. येताना तेच अंतर लवकर कापलं जातं, कारण वरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. हे वर्गात दरवर्षी शिकवलं होतं, पण स्वतःच्या पाठीला कळायला साठी उलटावी लागली.

आणि सोळा तास हे फक्त हवेतले. नाशिकहून दुपारी साडेचारला निघालो. कसारा घाट, भिवंडीची कोंडी, 170 किलोमीटरला पाच तास. (ताशी 34. पुढे विमानात सरासरी ताशी पावणेआठशे, तरी अंग जास्त आंबलं ते गाडीतच.) रात्री दीडला उड्डाण, आणि न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे आठ! घड्याळ म्हणत होतं साडेसहा तास झाले, गुडघे वेगळंच म्हणत होते. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. पुढे शिक्क्याची रांग, मग एडिसनपर्यंत जावयाची गाडी. दारातून दारात अठ्ठावीस तास भरले.

रांगेत उभी असतानाच आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा. मागे देवघरातली घंटा ऐकू येत होती.

"पोचलो गं."

"बरं झालं. मधे चहाला कुठे थांबवलं होतं?"