गैरहजर माणसांची राज्यघटना

मंगळवार, रात्री

आज नव्या घटनेच्या मसुदा समितीचं काम दुरुस्तीच्या कलमापाशी येऊन थांबलं. आमच्या आभासी गणराज्याची, म्हणजे इंटरनेटवर खेळ म्हणून आम्ही चालवतो त्या देशाची, जुनी घटना म्हणते की तिच्यात बदल करायचा तर एकूण नागरिकांपैकी दोन तृतीयांश जणांचा होकार हवा. ती लिहिली गेली तेव्हा सगळे रोज येत होते. आता यादीतल्या निम्म्याहून जास्त नावांमागे माणूसच नाही. कोणी अभ्यासात बुडालं, कोणाला नोकरी लागली, कोणाचं मन उडालं. उरलेल्या एकूण एक नागरिकानं हात वर केला तरी त्या घटनेतला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही.

खऱ्या देशाची घटना एक गोष्ट गृहीत धरू शकते. नागरिकाला सरकार आवडो न आवडो, तो सकाळी उठून त्याच देशात असतो. आमचा नागरिक निरोपही न देता निघून जातो, आणि त्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्यामुळे आमची घटना आधी गैरहजेरीचा विचार करणारी हवी, सत्तेच्या वाटपाचा विचार त्यानंतर. हे मी समितीत पुन्हा पुन्हा सांगते आहे.

अशा कोंडीतून आधी कोण गेलंय हे शोधताना अमेरिकेपाशी पोचले. 1787 च्या आधी तिथल्या तेरा राज्यांमध्ये जो करार होता, त्यात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागायची. युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर 5 टक्के कर लावायचा प्रस्ताव आला आणि 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिल्यावर तो बारगळला. पुढे फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली तेव्हा तिच्या सातव्या कलमात सरळ म्हटलं की नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या नऊ राज्यांपुरती ती लागू होईल. जुन्या करारात हे बसत नव्हतंच. पण नियम आधी जाहीर झाला होता, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यावर घटना लादली गेली नाही. ऱ्होड आयलंड 1790 मध्ये, सगळ्यांत शेवटी, आत आलं.

आमच्यातला एक सदस्य म्हणाला, आज आपण जुनी प्रक्रिया ओलांडली तर उद्याच्या कुठल्याही टोळक्याला तेच कारण पुरेल. हा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. त्यावर माझं उत्तर एवढंच की मंजुरीचा नियम मसुद्याचा मजकूर पक्का होण्याआधीच ठरवून सगळ्यांसमोर मांडायचा, म्हणजे निकाल पाहून कोणाला तो वाकवता येणार नाही. तो पूर्ण समाधानी झाला नाही. रात्री उशिरापर्यंत तोच विषय डोक्यात होता.

गुरुवार

‘सक्रिय नागरिक’ कोणाला म्हणायचं यावर आज बराच वेळ गेला. गेल्या 60 दिवसांत ज्यानं एकदा तरी मतदान केलं किंवा सभागृहात काही मांडलं तो सक्रिय, इथपर्यंत एकमत झालं. मला काळजी वाटते ती पुढची. यादी ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. निवडणुकीच्या आदल्या रात्री चार नावं वगळता येत असतील तर बाकीची कलमं कितीही सुंदर लिहा, काही उपयोग नाही. म्हणून मी हट्टानं दोन गोष्टी घालून घेतल्या: यादी माणसानं बनवायची नाही, नोंदींवरून ती आपोआप तयार होईल, आणि मतदान जाहीर झाल्या क्षणी ती गोठेल. वगळलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा अर्ज करावा लागणार नाही, एका ओळीची नोंद पुरेल. पुढच्या मतदानात तो असेल.

मग गणपूर्ती. बहुतेकांना वाटत होतं की निम्म्या लोकांनी मतदान केलं तरच निकाल ग्राह्य धरावा. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला नेमका हाच नियम आहे, आणि तिथे विरोधकांना लवकरच कळलं की ‘नाही’ असं मत देण्यापेक्षा घरी बसणं जास्त कामाचं. 1997 ते 2009 या काळात असं एकही सार्वमत गणपूर्तीपर्यंत पोचलं नाही. जिथे लोक आधीच गैरहजर राहतात, तिथे गैरहजेरीला असं हत्यार बनवणं म्हणजे आत्मघात आहे.

डेन्मार्कची तऱ्हा मला जास्त पटते. तिथे घटनादुरुस्तीच्या सार्वमतात बहुमत तर लागतंच, शिवाय ‘हो’ म्हणणारे एकूण मतदारांच्या किमान 40 टक्के असावे लागतात. मतदान किती झालं हे मोजायचं नाही, होकार किती मिळाला ते मोजायचं. घरी बसून विरोधकाचा काही जास्तीचा फायदा होत नाही, मग तो येऊन बोलतो. भारतीय घटनेच्या 368 व्या कलमातही अशीच दुहेरी कसोटी आहे: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. आम्ही दोन्हींचा मेळ घातला. दुरुस्तीसाठी पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश, आणि सक्रिय नागरिकांपैकी 40 टक्क्यांचा होकार.

दुसरं सभागृह असावं ही सूचना आलीच. आहेत ती माणसं एका सभागृहालाच जेमतेम पुरतात. मी विरोधात मत दिलं आणि सूचना पडली.

शनिवार

पदं रिकामी राहण्याचा प्रश्न. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात त्यांचा मृत्यू झाला, आणि मधले अडीच महिने देशाचा कारभार कोणी पाहायचा हे ठरवण्याची काही रीतच नव्हती. उपाध्यक्ष पुढे यायला कचरत राहिले. अध्यक्ष असमर्थ झाला तर काय करायचं याची नीट तरतूद 1967 च्या पंचविसाव्या दुरुस्तीत झाली. आमच्याकडे असा प्रसंग दर काही आठवड्यांनी येतो, सुदैवानं त्याचं कारण एवढं दुःखद नसतं. आमचं कलम असं: पदाधिकारी पूर्वसूचना न देता सात दिवस दिसला नाही तर अधिकार आपोआप उपप्रमुखाकडे जातील, त्यासाठी ना ठराव लागेल ना आरोप. तो परतला आणि ‘मी आलोय’ असं लिहिलं की अधिकार परत. गैरहजेरी हा गुन्हा ठरता कामा नये, नाहीतर आजारपणातून उठलेला माणूस शरमेनं परत येणारच नाही.

अविश्वास ठरावासाठी जर्मन मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या घटनेचं, 67 वं कलम घेतलं. चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, पाडायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडून द्यायचा. 1982 मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते याच मार्गानं. आमच्या सभागृहात सरकार पाडायला उत्साह भरपूर असतो, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसायला मात्र कोणी नसतं.

अ‍ॅडमिनचं कलम सगळ्यांत अवघड गेलं. सर्व्हर त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. आमचं सर्वोच्च न्यायालय एकमतानं निकाल देईल आणि एक बटण दाबलं की न्यायालयच नाहीसं होईल. ही सत्ता घटनेतून काढून घेता येत नाही, हे आधी मान्य केलेलं बरं. ब्रिटनच्या राजगादीनं विधेयकाला संमती नाकारल्याची शेवटची घटना 1708 ची आहे. कागदावर ती सत्ता आजही आहे, तिला वापरात येऊ दिलं नाही ते संकेतांनी. संकेत रुजायला वेळ लागतो, तोवर काही ठोस हवं. म्हणून ठरलं की अ‍ॅडमिन कुठलंही राजकीय पद घेणार नाही, चाव्या दोघांकडे असतील, आणि त्यांनी केलेली प्रत्येक कृती सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत उमटेल. खऱ्या आयुष्यातला छळ, धमकी, कोणाची खासगी माहिती उघड होणं, अशा बाबतींत मात्र त्यांचा निर्णय अंतिम. तिथे आमच्या खेळातल्या न्यायालयाची वाट पाहायची नाही. या वाक्यावर वाद झाला, पण मी मागे हटले नाही. समोर माणूस खरा असतो.

रविवार

मंजुरीचा नियम आज जाहीर झाला, मूलभूत हक्कांचा भाग लिहून व्हायच्या आत. मतदान सात दिवस चालेल, कसोटी दुरुस्तीसारखीच दुहेरी असेल. मंगळवारी आक्षेप घेणाऱ्या सदस्यानं एक अट सुचवली आणि ती सगळ्यांनी उचलून धरली: जुन्या यादीतल्या प्रत्येक नावाला मतदानाआधी निरोप जाईल, सक्रिय असो वा नसो, आणि त्या सात दिवसांत जो येईल त्याचं मत धरलं जाईल. अशा मतांमुळे 40 टक्क्यांचा हिशेब बदलतो, म्हणून आलेली नावं मूळ संख्येत मिळवायची असं पोटकलम जोडलं. निरोपाचा मजकूर मी लिहिते आहे. त्यात नवी घटना चांगली आहे असं एका शब्दानंही म्हणायचं नाही, फक्त मसुदा कुठे आहे आणि मत कधीपर्यंत देता येईल एवढंच सांगायचं.