सतरा अठ्ठे किती?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून लिहायचं, तर मला पाढ्यांबद्दलच लिहावंसं वाटतं. आता मी प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवते. शाळेतला परवचा मला अजून प्रिय आहे, पण तो एकटा पुरत नाही.

तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधेच ‘सतरा अठ्ठे?’ विचारा. तो ‘सतरा एके सतरा’पासून सुरुवात करतो. चाल पाठ झालेली असते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला टांगलेली. कधी ‘छत्तीसासे’ तोंडातून येतं, पण ते १३६ असं लिहिता येत नाही.

म्हणून पाढा आधी बांधून घ्यावा. सतरा दाहे १७०, त्याचं निम्मं सतरा पंचे ८५. सतरा दुणे ३४, दुप्पट ६८, पुन्हा दुप्पट १३६. नवे हवे तर १७० मधून १७ वजा, १५३. उरतात सतरा त्रिक ५१, सतरा सक १०२ आणि सतरा सत्ते ११९. मुलं अडखळतात ती बहुतेक इथेच, तेव्हा वेळ इथे द्यावा.

मग चिठ्ठ्या कराव्यात. पुढे १७ × ८, मागे १३६. डब्याचे तीन कप्पे: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. एका बैठकीला दहा-बारा चिठ्ठ्या, दहा मिनिटं, क्रम रोज पिसलेला. विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावं. पालकांना राहवत नाही आणि ‘एकशे छ…’ असं पुटपुटलं जातं. तिथेच आठवण्याचं काम मुलाच्या हातून जातं. उत्तर आलंच नाही तर पूर्ण सांगावं आणि दोन-तीन चिठ्ठ्यांनंतर तेच पुन्हा विचारावं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी फसवते ती यामुळेच: त्या रात्री सगळं येतंय असं खरोखर वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसऱ्या कप्प्यातल्या चिठ्ठ्याही सगळ्या एकदा विचाराव्यात. बऱ्याच मागे येतील. त्यासाठी मुलाला रागावू नये. दुसऱ्या खेपेला त्या लवकर पुढे सरकतात.