काय मिळतं, विचारलंत म्हणून

"ह्यातनं मिळतंय काय बे तुला?"

चहाच्या टपरीवर हे विचारलं जातं, आणि लग्नाच्या पंगतीत तर हमखास. टॅरँटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी, त्याची पिल्लं अंड्यांपासून घरात वाढवली म्हणजे काहीतरी कमाई असणारच: विष विकत असेल, नाहीतर परदेशात गिऱ्हाईक गाठलं असेल. आमचा सोलापूरचा पूर्व भाग. इथं विडी हजारावर मोजतात, चादर नगावर. जे मोजता येत नाही ते काम नव्हे. हसून वेळ मारून नेण्याचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहितो.

मादी कशी मिळाली ते गल्लीला पाठ आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला पाया खणताना फावड्याखाली येता येता वाचली, एवढं बाकीच्यांसाठी पुरे. जागा नेमकी सांगणार नाही, कोळ्याची जात कुठली तेही नाही. कारण विचारणाऱ्यांतले काही विकत घ्यायला विचारतात, हे मला कळतं. गुत्तीचा निळा टॅरँटुला ऐकला असेल. आपल्याच मद्रास लाइनवरचं गुत्ती. तिथल्या रेल्वेच्या लाकूड डेपोत सापडलेल्या कोळ्यावरून १८९९ मध्ये पोकॉक नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्या जातीची नोंद केली. आज तो जगभरच्या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत आहे आणि रानात अतिसंकटग्रस्त. तो आणि त्याचे झाडांच्या ढोलीत राहणारे भाऊबंद २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे रानटी जिवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. माझी त्यांच्यातली नाही, जमिनीत बीळ करून राहणारी आहे. तरीही सांगणार नाही.

चावली तर? दुखेल. अमेरिकेतल्या टॅरँटुलांसारखे अंगावर उडवायचे खाजरे केस आपल्याकडच्यांना नसतात, त्यामुळे ह्या थेट सुळ्यांवर येतात. पेटके येतात म्हणे, दिवसेंदिवस राहतात. माणूस मेल्याची खात्रीची नोंद मात्र नाही. आमच्या गल्लीत मोकाट कुत्री चावून जेवढी माणसं सिव्हिलला गेली, त्याचा हिशोब मला कुणी विचारत नाही.

तर, अंड्यांची पिशवी. रानातनं आलेल्या मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज साठलेलं असू शकतं, ते पुढची कात टाकेपर्यंत टिकतं. मला हे माहीत होतं, तरी ऐन उन्हाळ्यात एका सकाळी ती पांढरी रेशमी पिशवी कवटाळून बसलेली दिसली तेव्हा दचकलोच. पाळणारे लोक सांगतात, मादीला निदान तीन-चार आठवडे राखू द्यावी. ती पिशवी फिरवत राहते, त्यानं अंडी एका बाजूला चिकटत नाहीत. पण तिला त्रास वाटला तर तीच पिशवी खाऊन टाकते.

आणि आमच्या भिंतीपलीकडं माग आहेत. कोळ्याला डोळे आठ असले तरी दिसतं फार कमी. त्याचं जग म्हणजे पायाला लागणारी थरथर. माग चालू झाले की आमच्या फळीवरचे पेलेसुद्धा किणकिणतात. तिला काय वाटत असेल ह्या विचारानं माझी झोप उडाली होती.

मग एके दिवशी दुपारी लाइट गेली. माग थांबले. ती पिशवी खाली ठेवून, तिच्यावर पाय पसरून गप्प बसली. म्हटलं, असू दे, हात लावायचा नाही. रात्री लाइट आली आणि भिंत धडधडायला लागली. तिनं पिशवी उचलली, डब्यात गोल फिरली, परत फिरली, आणि मग मला तिचे सुळे पिशवीत रुतलेले दिसले.

मी लांब चिमटा घेतला. माझ्या आईनं बॅटरी धरली. पिशवी ओढली तर मादी सोडेना, पिशवीबरोबर तीही वर यायला लागली. मग पुढचे पाय उभारून फुत्कार. लोखंडावर सुळा आपटल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, बारीकसा असतो. प्लॅस्टिकच्या पेल्यानं तिला मागं सारलं, पिशवी सुटली. "दे तिला परत," आई म्हणाली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, हे तिचं वाक्य मी मराठीत सांगतोय. तेलुगूत ते आणखी आखूड आहे.

दिली नाही. माझे हात कापत होते, म्हणून पिशवी आईनंच कापली. तिचे हात आयुष्यभर विडीचं पान कापलेले. कात्री नवी, कारण तिच्या कात्रीला तंबाखू लागलेली असते आणि निकोटिन म्हणजे कोळ्याला विषच. आत बारीक साबुदाण्याएवढी पिवळसर अंडी. एका बाजूची फुटून ओली झालेली.

ती कुणी फोडली? तिच्या सुळ्यांनी की माझ्या चिमट्यानं? माझ्या तेव्हाच्या वहीत लिहिलंय: 'मादी खात होती. वेळेवर काढली.' आज ते वाक्य वाचलं की त्या वही लिहिणाऱ्याला धरून विचारावंसं वाटतं, तुला कसं कळलं रे? पिशवी उचलायची तर ती सुळ्यांनीच धरते. आणि माग काय त्याच दिवशी सुरू झाले होते? इतके दिवस त्याच थरथरीत तिनं पिशवी सांभाळलीच होती की. बरं, नसती काढली आणि सकाळी डब्यात नुसती रेशमाची चिंधी मिळाली असती तर? तर तोच वही लिहिणारा आज माझी कॉलर धरून उभा असता. ती पुढं बरेच दिवस रात्री डब्याचा कोपरा न् कोपरा पायांनी चाचपत राहिली. आई म्हणते, शोधत होती. मी म्हणतो, कोळी असं शोधत नाही. हे मी मोठ्यानं म्हणतो.

अंडी जगली ती आईमुळं. डब्यात तळाला पाणी, वर ताणलेलं कापड, त्यावर अंडी, रोज हलक्या हातानं फिरवायची, मेलेलं अंडं लगेच उचलायचं. हे कुठंही वाचायला मिळतं. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या, बेचाळीस डिग्रीच्या गावात ओल राखायची आणि बुरशी येऊ द्यायची नाही, हे कुठं लिहिलेलं नाही. विडीचं पान भिजवून गोणपाटात रात्रभर ठेवणाऱ्या बाईला ते येतं. डबा माठाच्या तिवईखाली ठेवायचं तिनंच सुचवलं, आणि झाकण कधी उघडायचं तेही तिनंच.

आधी अंड्यांना पाय फुटले, नुसते पाय, हालचाल नाही. मग कात टाकली, मग आणखी एकदा, आणि शंभरच्या आसपास काळपट ठिपके चालायला लागले. तोवर ती अंगातल्या बलकावर जगतात. भूक लागली की भावंडं खातात. म्हणून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या कुप्यांत एकेक वेगळं केलं, केळ्यावरची चिलटं खाऊ घातली. एकानं पिल्लामागं जो भाव सांगितला तो ऐकून मी रात्री बसून गुणाकार केला होता, हेही सांगून टाकतो. विकली नाहीत. बरीचशी पहिल्या पावसानंतर मादीच्या मुलखात, जिथं अजून प्लॉट पडले नाहीत तिथं सोडली. त्यातली किती जगली असतील हे विचारू नका, पाली आणि मुंग्या तिथंही आहेत.

मादीनं नंतर कात टाकली, म्हणजे आधीचं बीज गेलं. विषय संपला असं मी धरून चाललो होतो. तर गेल्या आठवड्यात गल्लीतली दोन पोरं बाटलीत एक नर घेऊन आली. लांब पायांचा, काटकुळा. "अण्णा, टाकायचा का हिच्यात?" शेवटची कात टाकल्यावर नर काही महिनेच जगतो, तेव्हा ठरवायचं ते लवकर ठरवायला हवं. बाटली फळीवर आहे, माग चालूच आहेत. आईनं सांगून टाकलंय, ह्या खेपेला मी कात्री धरणार नाही.