शेवटपर्यंत ओढलेला सीटबेल्ट

लोक जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी तिची तपासणी करून देणे हा माझा बडोद्यातील व्यवसाय आहे. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेले, तेव्हापासून मी इंजिनाच्या आधी सीटबेल्ट पाहतो.

गेल्या वर्षी दांडिया बाजारातील एका निवृत्त शिक्षकांनी 2018 सालची मोठी, पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान पसंत केली, इसार दिला आणि मग मला बोलावले. हा उलटा क्रम मी रोज पाहतो. रंग चकचकीत होता, गिअर बदलताना झटका नव्हता आणि गाडीतील दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर एकही दोष नव्हता. कोऱ्या स्कॅनरने माझे समाधान होत नाही, कारण दोषांची नोंद क्षणात पुसता येते. पुसल्यावर गाडीची स्वयंतपासणी पुन्हा पूर्ण व्हायला मात्र ती बरीच चालवावी लागते, आणि येथे ती अपुरी दिसत होती.

चालकाचा सीटबेल्ट मी खांबाच्या तळाशी असलेल्या रिळावरून पार संपेपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ काळा होता, पण आतल्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट थर सुकून बसला होता, म्हणजे पुराचे पाणी गाडीत शिरले होते. बॅटरी सोडवून सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर उघडला, तर पिनांवर हिरवट गंज होता. इंजिनात शिरलेले पाणी निस्तरता येते. तारांच्या सांध्यांतला गंज मात्र पुढे कित्येक महिने आतून वाढत राहतो, आणि ऐन अपघातात एअरबॅग उघडेल की नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

विकणारा तरुण हे ऐकून पांढराफटक पडला. त्याने स्वतः ती गाडी वर्षभरापूर्वी चांगली म्हणूनच घेतली होती. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते आणि भंगाराच्या भावाने विकली जाते. तीच गाडी धुऊनपुसून बाजारात परत येते, आणि नव्या गिऱ्हाइकाला आरसी बुकात त्याचा मागमूस दिसत नाही. ही व्यवस्था मला सरळसरळ अन्याय वाटते.

“मग दादा, मी हिचं काय करू?” असे त्याने विचारले. खरे सांगून कमी किमतीत विका, असे मी म्हणालो, आणि त्याच्या समाधानासाठी एकेक खूण त्याला जवळून दाखवली. काकांना इसार परत मिळाला.

दीड महिन्याने बडोद्याच्याच अकोटा भागात एका गिऱ्हाइकाने मला गाडी पाहायला बोलावले, तर समोर तोच नंबर होता. सीटबेल्ट नवे होते, कार्पेट नवे होते आणि पिवळ्या कनेक्टरच्या पिना लखलखीत होत्या. मधल्या कन्सोलखाली, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटच्या पट्टीमागे तेवढा गाळ शिल्लक होता. ती जागा मी त्या दिवशी दाखवली नव्हती.

आता खुणा मी फक्त लेखी अहवालात देतो, विकणाऱ्यासमोर बोलत नाही. मात्र तो तरुण स्वतःच फसला होता, आणि त्याला काहीही न सांगता मी निघून आलो असतो तर ते बरोबर झाले असते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.