स्वॅपमधली जुनी जोडी आणि कास्केडचा ओला बर्फ: यंदाच्या मोसमाची नोंद

ऑक्टोबरअखेर

यंदाचा प्रकल्प ठरला. सिएटलच्या आसपास शरद ऋतूत जे स्की-स्वॅप, म्हणजे जुन्या स्की-सामानाचे बाजार, भरतात, त्यातल्या एकातून स्कीजची ही जुनी जोडी उचलली. पायाखाली ८८ मिलिमीटर रुंद, बेस, म्हणजे बर्फाला टेकणारा तळ, सिंटर्ड (वॅक्स शोषून घेणारा), टॉपशीटवर, म्हणजे वरच्या आवरणावर, चरे भरपूर, पण टॉपशीटच्या रूपाला कोण विचारतो. घेण्याआधी तिथेच तीन गोष्टी बघितल्या: दोन्ही स्कीज एकमेकींवर नीट बसतात का, एज, म्हणजे काठाची पोलादी पट्टी, कुठे तुटली किंवा बेसपासून सुटली आहे का, आणि घासून घासून एजची जाडी किती उरली आहे. तिसरी गोष्ट बरेच जण बघत नाहीत. बेस भरता येतो, वॅक्स पुन्हा लावता येतं, पण एजचं पोलाद एकदा गेलं की गेलं. इथे ते भरपूर होतं, म्हणून पैसे दिले.

बाइंडिंगचं (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं) मॉडेल अजून कंपनीच्या चालू यादीत आहे, त्यामुळे दुकानवाले ते तपासून, बुटाला जुळवून देतात. यादीतून गेलेल्या बाइंडिंगला इथली दुकानं सहसा हात लावत नाहीत, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या जोड्यांचं खरं दुखणं तेच असतं. बाकी सगळं घरी करायचं, बाइंडिंगचं काम मात्र दुकानातच. याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

अवस्था अशी: बेस काळ्याऐवजी राखाडी, एजलगतच्या पट्ट्यात तर पांढुरका आणि हात फिरवला तर केसाळ लागणारा. एजवर गंज. पायाखालच्या भागात दगडाला घासून आलेली बर, म्हणजे पोलादाचा खरखरीत कंगोरा. आणि डाव्या स्कीच्या शेपटीकडे बोटभर लांबीचा खोल ओरखडा, सुदैवाने आतलं लाकूड दिसण्याइतका खोल नाही.

नोव्हेंबर, पहिला पंधरवडा

कामाचा क्रम मी असा धरतो: सफाई, मग ओरखडे, मग एज, शेवटी वॅक्स. वॅक्स आधी लावलं तर एजच्या कामात उडालेला लोखंडी कीस त्यात बसतो.

ओरखडा. आतली घाण पात्याच्या टोकानं काढून घेतली, सुटलेले धागे कापले. पी-टेक्सची (बेस भरायच्या प्लास्टिकची) कांडी पेटवली की खरी परीक्षा सुरू होते. ज्योत मोठी आणि पिवळी झाली की काजळी धरते, आणि काजळीचे काळे कण थेंबाबरोबर आत गेले की भरलेला भाग पुढच्या एखाद्या दगडाला सुटून येतो. म्हणून कांडी धातूच्या स्क्रेपरच्या अगदी जवळ धरायची, ज्योत छोटी आणि निळसर राहते. पहिले काजळी असलेले थेंब स्क्रेपरवरच पाडायचे, स्वच्छ थेंब आले की ओरखड्याकडे वळायचं. खाच थोडी जास्तच भरायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग स्टीलच्या स्क्रेपरनं हलके हलके तासत बेसच्या पातळीला आणायची. घाईनं गरम असताना तासलं तर अख्खी भर उपटून येते. ओरखडा एजला भिडलेला असता किंवा लाकडापर्यंत गेलेला असता तर मी घरी केलं नसतं; एजजवळ कांडीची भर टिकत नाही.

आता एज, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात.

एजला दोन बाजू असतात. खालची, बेसच्या बाजूची, आणि उभी, बाहेरची. साधारण सगळ्या ऑल-माउंटन स्कीजना खाली १ अंश आणि बाजूला २ अंशांचा उतार असतो. शर्यतवाले खाली अर्ध्या अंशावर आणि बाजूला ३ अंशांवर जातात. खालच्या बाजूला मी कानस लावत नाही, फक्त बारीक हिरा-पट्टी, तीही बर काढण्यापुरती. कारण सरळ आहे: खालचा उतार एकदा वाढला की तो कमी करण्यासाठी पूर्ण बेस मशीनवर घासून खाली आणावा लागतो. बाजूची एज मात्र घरी आरामात करता येते.

गंज आधी रबरी गमी स्टोननं काढला. मग पायाखालचा दगड लागलेला भाग. दगडावर आपटलेलं पोलाद त्या जागी कडक होतं, आणि त्यावर थेट कानस फिरवली तर ती कापत नाही, नुसती घसरते; वर तिचेच दात मरतात. कानाला फरक कळतो. चांगल्या जागी कानस खरखर असा एकसारखा आवाज करते, कडक ठिपक्यावर किंचित किंचाळते. म्हणून आधी १०० ग्रिटची हिरा-पट्टी, थोडं पाणी टाकून, त्या ठिपक्यांवरच. आवाज एकसारखा झाला की मग कानस.

बाजूच्या एजवर कायमच्या मार्करनं काळी रेघ ओढून घ्या, प्रत्येक वेळी. २ अंशांच्या गाइडमध्ये कानस बसवून एक हलका हात मारा. रेघ पूर्ण रुंदीभर गेली तर कोन जुळला. फक्त वरच्या अर्ध्यात गेली तर एकतर आधीचा कोन वेगळा आहे, नाहीतर साइडवॉलचं, म्हणजे स्कीच्या कडेच्या उभ्या भिंतीचं, प्लास्टिक आड येतंय. माझ्या जोडीत दुसरं कारण निघालं. साइडवॉल प्लेनरनं प्लास्टिक किंचित मागे घेतलं, आणि मग रेघ सरसकट जायला लागली. प्लास्टिक आड ठेवून कानस चालवणाऱ्यांची कानस दोन मिनिटांत चोंदते आणि मग ते कानसेला नावं ठेवतात.

कानसेनंतर २०० आणि ४०० ग्रिटच्या हिरा-पट्ट्या, शेवटी गमी स्टोनचा एक अगदी हलका हात, बर मोडण्यापुरता. नखाची पाठ एजवर आडवी ओढली की पांढरा चुरा निघाला पाहिजे. सगळ्या लांबीवर निघाला. टोक आणि शेपूट बोथट करा असा जुना सल्ला अजून फिरतो. तो सरळ, लांब स्कीजच्या काळातला. आताच्या कमानदार स्कीजमध्ये बर्फाला जिथे पहिला स्पर्श होतो त्याच्या पुढचा थोडासाच भाग मी मारतो.

नोव्हेंबर, दुसरा पंधरवडा

इस्त्री. कपड्यांची जुनी इस्त्री चालेल का, हा दरवर्षीचा प्रश्न. चालते, पण तिचं तापमान वरखाली फार होतं आणि वाफेची भोकं असतील तर त्यात वॅक्स साचून जळतं. बेस ज्या पॉलिथिलीनचा बनतो ते साधारण १३०-१३५ अंश सेल्सियसला वितळतं. मऊ, उबदार बर्फाच्या वॅक्सला ११०-१२० अंश पुरतात, थंडीच्या कडक वॅक्सला १५०पर्यंत जावं लागतं. म्हणजे कडक वॅक्सच्या वेळी इस्त्री बेसच्या वितळणबिंदूच्या वर असते, आणि तरी बेस वाचतो तो केवळ ती हलती असते म्हणून. एका जागी थांबायचं नाही, बस्स. इस्त्रीमागे ओल्या वॅक्सची वीतभर शेपटी राहिली तर वेग बरोबर. धूर दिसला तर तापमान खाली आणा. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवाच.

वॅक्सचे रंग तापमानाप्रमाणे: उबदार बर्फाला मऊ पिवळं, मग लाल, जांभळं, आणि थंडीला कडक निळं. पहिल्यांदा मऊ पिवळं वॅक्स फक्त सफाईसाठी. लावायचं आणि गरम असतानाच खरवडायचं. पहिल्या हाताला निघालेला कीस करडा-काळा होता, आधीच्या मालकाची सगळी घाण. पुन्हा लावलं, पुन्हा खरवडलं, कीस स्वच्छ पिवळा येईपर्यंत. बेस-क्लीनरपेक्षा हीच पद्धत मला पटते, कारण क्लीनर घाणीबरोबर आतलं वॅक्सही ओढून घेतो. त्यानंतर जांभळं वॅक्स, स्की रात्रभर तशीच, सकाळी ॲक्रिलिक स्क्रेपर टोकाकडून शेपटीकडे. आधी एज साफ करायच्या, मग सपाट भाग. हात जोर मागायला लागला की स्क्रेपरला धार लावा, जोर वाढवू नका.

बेस आता काळा दिसतो. एजलगतचा पट्टा अजून जरा फिका आहे. तिथे वॅक्स दोन-तीन फेऱ्यांनी बसेल.

डिसेंबर

पहिला हिमवर्षाव कास्केड पर्वतरांगेतल्या स्टीव्हन्स पासला. आमच्याकडचा बर्फ म्हणजे पॅसिफिकवरून आलेली ओल. प्रमाण अफाट: १९९८-९९च्या मोसमात इथल्याच माउंट बेकरला १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला, तो विश्वविक्रम आहे. पण तापमान शून्याच्या आसपास, म्हणून लोक त्याला प्रेमानं कास्केड काँक्रीट म्हणतात. कोलोरॅडो-युटाहवाल्यांचे वॅक्सबद्दलचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळे.

स्की घसरते कशी, याचा एक जुना खुलासा बाउडन आणि ह्यूज या दोघांनी १९३९ साली मांडला. त्यांचे प्रयोग झाले स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला, जिथे आपली टूरवाली मंडळी आज टोप्या घालून फोटो काढतात. त्यांच्या मते घर्षणाच्या उष्णतेनं बर्फाचा पातळ थर वितळतो आणि ते पाणी वंगणाचं काम करतं. कोरड्या थंडीत हे पाणी कमी पडतं आणि बर्फाचे टोकदार कण मऊ वॅक्समध्ये रुततात, म्हणून तिकडे कडक निळं वॅक्स. आमच्याकडे पाणी उलट जास्तच असतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की जशा चिकटून बसतात, तसा गुळगुळीत बेस ओल्या बर्फाला धरून बसतो. ही पकड मोडायला बेसवर बारीक उभ्या रेघा लागतात, ज्याला स्ट्रक्चर म्हणतात. त्यातून पाणी वाहून जातं, हवा आत येते.

आणि त्या रेघा बुजवतं कोण? आपणच, जादा वॅक्स ठेवून. म्हणून माझं या मोसमातलं एकच सांगणं आहे: ओल्या बर्फात वॅक्सच्या रंगाचा विचार कमी करा, ब्रश जास्त चालवा. स्क्रेपरनंतर पितळी ब्रश, त्यानं रेघांतलं वॅक्स निघतं, मग नायलॉन. ब्रशमधून धूळ यायची थांबेपर्यंत.

मुद्दाम एक प्रयोग केला. दोन्ही स्कीजवर तेच लाल वॅक्स, डावीला पूर्ण ब्रश, उजवी नुसती खरवडलेली. लिफ्टकडे परतणाऱ्या सपाट रस्त्यावर उजवी मागे राहायला लागली, पाय तिला ओढतोय हे गुडघ्याला कळत होतं. पुढच्या काही फेऱ्यांत बर्फानंच जादा वॅक्स खरवडलं असावं, कारण दुपारपर्यंत फरक बराच मिटला. पण सकाळ वाया गेली ना!

जानेवारी

पाऊस, मग रात्री गोठण. पिस्ट, म्हणजे स्कीसाठी दाबून तयार केलेला उतार, अगदी फरशीसारखा कडक. या दिवसांत वॅक्स काय आहे याला काही अर्थ नाही, एज आहे की नाही एवढंच. नोव्हेंबरात घेतलेली धार मी कानसेनं पुन्हा घेत नाही. घरी आल्यावर स्की पुसायची, बाजूच्या एजवर ४०० ग्रिटची पट्टी गाइडमध्ये घालून दोन-चार हात, झालं. कानस मोसमातून क्वचित, पट्टी दर वेळी. गाडीच्या टपावर स्कीज उघड्या आणत असाल तर रस्त्यावरच्या मीठमिश्रित चिखलाचा फवारा एजवर बसतो, गंज एका रात्रीत दिसतो. आधी साध्या पाण्यानं धुवा.

बायकोचा स्नोबोर्डही टेबलावर आला. बोर्डवाल्यांसाठी एवढंच: वॅक्सआधी बाइंडिंग काढा, निदान स्क्रू सैल करा. घट्ट पिळलेले स्क्रू इन्सर्टच्या (बोर्डात बसवलेल्या स्क्रूच्या खोबणीच्या) जागी बेस आत ओढतात, तिथे खळगे पडतात आणि स्क्रेपर वरून निघून जातो. मुलाच्या स्कीजचा बेस एक्स्ट्रूडेड, तो वॅक्स फारसं पीतच नाही. त्याला हातानं चोळायचं वॅक्स आणि बुचाचा तुकडा पुरे.

ग्रुपवर कुणीतरी स्वॅपमधून मिळालेल्या फ्लोरोच्या, म्हणजे फ्लोरिनयुक्त वॅक्सच्या, वडीबद्दल विचारलं. नका वापरू. एफआयएसनं (आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं) २०२३-२४च्या मोसमापासून शर्यतींत फ्लोरोवर पूर्ण बंदी आणली, आणि त्याच मोसमात ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डेनच्या शर्यतीत नॉर्वेची रॅगनहिल्ड मोविंकेल चाचणीत अडकून बाद झाली. त्या रसायनांना निसर्गात विघटन जवळजवळ नाहीच, आणि तापवल्यावर निघणारा धूर फुप्फुसांना घातक. वडी घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. आपण काही सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी धावत नाही.

मार्च-एप्रिल

वसंतातला बर्फ घाणेरडा असतो: परागकण, झाडांची चिकटी, लिफ्टच्या तारेचं वंगण. पिवळं वॅक्स या तापमानाला बरोबर, पण ते मऊ असल्यानं घाणही तेच सगळ्यात आधी पकडतं. म्हणून सध्या पिवळं आणि लाल अर्धं-अर्धं मिसळून लावतोय, आणि सफाईचा गरम हात जास्त वेळा देतोय. डिसेंबरपेक्षा आता बेसचा रंग एकसारखा आहे, एजलगतचा फिका पट्टा जवळजवळ गेला.

पुण्याहून एकानं गुलमर्गसाठी विचारलं होतं. तिथल्या अफरवट शिखराची लिफ्ट ४,००० मीटरच्या जवळ सोडते, भर हिवाळ्यात तिथला बर्फ कोरडा. निळं किंवा जांभळं घेऊन जा. अमेरिकेतून आणलेली वॅक्सची इस्त्री मात्र नेऊ नका, ती बहुधा १२० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. घरूनच कडक वॅक्स लावून न्या, वर चोळायच्या वॅक्सची वडी खिशात. परत आल्यावर खरं काम: पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात एज गंजून जातात. एज कोरड्या करून बेसबरोबर त्यांच्यावरही जाड वॅक्सचा थर द्या, खरवडू नका, आणि बंद बॅगेत कोंडू नका.

माझी जोडीही आता त्याच जाड थराखाली जाईल. त्याआधी ट्रू-बार (सपाटी तपासायची सरळ पट्टी) बेसवर ठेवून उजेडासमोर धरून पाहिली: उजव्या स्कीच्या शेपटीकडे पट्टीच्या मध्यभागी उजेडाची बारीक फट दिसते, म्हणजे तिथे बेस किंचित खोलगट आहे. स्टीलच्या स्क्रेपरनं हे घरी सपाट करता येतं म्हणणारे आहेत, पण एज दोन्हीकडे उंच असताना स्क्रेपर तिच्यावरच टेकतो. सप्टेंबरात, दुकानांत गर्दी व्हायच्या आत, दगडी मशीनवर घासून घेईन. चिठ्ठी आताच लिहून बाइंडिंगला बांधली आहे: ओल्या बर्फाचं जाडसर स्ट्रक्चर, खाली १ अंश, बाजूच्या एजला हात लावू नये.