सिमेंटखालची ओल आणि माळ्यावरची वटवाघळं

मी वेल्समध्ये जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यात शेतावरचे गोठे आणि कोठारं बरीच असतात. परवाचं कोठार डोल्गेथ्लायजवळचं. जाडजूड भिंती, वर स्लेटचं छप्पर (वळचणीला मोठ्या स्लेट, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या) आणि समोरासमोर दोन मोठी दारं. मळणी मधल्या जागेत व्हायची आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वारा, उफणायला. इथल्या पावसात उघड्यावर खळं करणार कसं?

मालकांना एक भिंत पाडून ब्लॉकची बांधायची होती कारण बाहेरून तिला मोठा फुगवटा आलेला. आता त्यांचं घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या इमारतींच्या यादीतलं, आणि आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची बांधकामंही त्याच कायद्यात येतात, त्यामुळे पाडणं तसंही सोपं नव्हतं. पण मला कायदा पुढे करायचा नव्हता, भिंतच दाखवायची होती. परांचीवर चढलो दोघं आणि फुगवट्यापाशी छिन्नीने दरजा उकरल्या. कधीतरी कुणीतरी सगळीकडे सिमेंट भरलेलं, आणि त्याच्या मागे नुसती ओल! या भिंती म्हणजे दगडाचे दोन थर आणि मध्ये बारीक दगडमातीची भर, पाणी थोडंफार शिरणारच, पण चुन्याच्या दरजांतून ते वाळून जातं, सिमेंट ते आतच कोंडतं. मग भर खाली बसते, बाहेरचा थर सुटतो, तुळयांची टोकं कुजतात. मालकांनी तुळईच्या टोकाला बोट लावलं तर लाकडाचा भुगा हातात आला. मग त्यांनीच विचारलं, चुन्यात करायला किती खर्च येईल?

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात माळ्यावर गेलेल्या आमच्या वन्यजीववाल्या सहकारी खाली आल्या आणि म्हणाल्या, वर पिल्लांसकट वटवाघळं आहेत, लेसर हॉर्सशू जातीची. जेमतेम ५ ते ९ ग्रॅमचा जीव, पण कायद्याने पूर्ण संरक्षित.

खरी पंचाईत इथे आहे. चुन्याला थंडी चालत नाही, ५ अंशांच्या खाली काम करायचं नाही आणि गोठलं तर सगळं वाया, म्हणजे काम उन्हाळ्याचं. आणि पिल्लंही उन्हाळ्यातच! मालक वैतागले, साहजिक आहे, मेंढ्यांच्या उत्पन्नातून हे सगळं करायचं म्हणजे चेष्टा नाही.

संध्याकाळपर्यंत बसून वेळापत्रक लावलं. आत्ता भिंतीला बाहेरून फक्त टेकू, माळ्याला हात नाही. वटवाघळं हिवाळ्याला दुसरीकडे गेल्याची खात्री झाली की छप्पर आणि तुळया, आणि चुन्याचं काम वसंतात, ती परत यायच्या आत. नॅचरल रिसोर्सेस वेल्स या इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं लायसन्स मिळाल्याशिवाय यातलं काही सुरू होणार नाही. शिवाय ही जात उडतच आत येते, फटीतून सरपटत नाही, म्हणून एका दाराचा वरचा भाग कायमचा उघडा ठेवायचा, तेही ड्रॉइंगमध्ये घातलं.