अननसाचा तुरा, काळी माती आणि मे महिना

लग्नाच्या मांडवामागे, आचाऱ्याच्या भट्टीजवळ, अननसाच्या सालींचा ढीग पडतो. त्या ढिगात हिरवे तुरे तसेच पडलेले असतात. यातला प्रत्येक तुरा म्हणजे एक झाड. उचलून आणा, फुकट आहे. पण आणताना एक लक्षात ठेवा: विदर्भात अननस परसात येतो, एकरात परवडत नाही.

याचं कारण पाणी नव्हे. अननस पाण्याला फार काटक आहे. तो पानांची छिद्रं रात्री उघडतो, हवा आत घेऊन साठवतो आणि दिवसा छिद्रं मिटून उन्हात अन्न बनवतो. त्यामुळे भर दुपारी त्याचं पाणी उडत नाही. हे ऐकून बरेच जण 'मग हे तर कोरडवाहू पीक' असं समजतात आणि फसतात. त्याचं खरं वैर चुन्याशी आहे. त्याला साडेचार ते साडेसहा सामूची (पीएचची), म्हणजे आंबट माती लागते. केरळातल्या वाळकुळमच्या अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली माती लाल जांभ्याची आणि हवा बारा महिने दमट. आपली कापसाची काळी माती साडेसात ते साडेआठ सामूची, वरून चुनखडी. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. संत्र्याच्या बागेत नवी पालवी पिवळी पडते ती याच कारणानं. अननसाचंही तेच होतं, मधली नवी पानं फिकट पिवळी निघतात आणि झाड बसून राहतं.

माती पाहायची सोपी रीत आहे. सुक्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना भरपूर आहे, तिथे अननस लावू नका. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे लाल, मुरमाड जमीन आहे, तिथे बाडीत, म्हणजे परसात, थेट लावून पाहायला हरकत नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, मात्र कुंडीशिवाय गत्यंतर नाही, आणि कुंडीलाही बोअरचं पाणी चालत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरायला लागली की समजायचं, पाण्यातूनच क्षार आणि चुना चाललाय. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाक्यात धरून ठेवता आलं तर उत्तम.

आता तुरा. फळ कापताना तुरा सुरीनं कापू नका, एका हातात फळ धरून दुसऱ्या हातानं पिळून काढा. सोबत आलेला गर पूर्ण छिला, तो राहिला की बुरशी लागते. मग खालची पानं एकेक करून ओढा, साधारण दोन-तीन सेंटीमीटर दांडा उघडा होईपर्यंत. त्या दांड्यावर बारीक तपकिरी ठिपके दिसतील, कधी कधी पानाखाली वळसे घातलेली मुळंही सापडतात. सगळी मुळं तिथूनच फुटतात. असा सोललेला तुरा चार ते सात दिवस सावलीत उलटा ठेवायचा. कापलेला भाग कोरडा, कडक झाला की लावायचा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि घरी आणल्या दिवशीच ओल्या मातीत खोचतात. आठवड्यात तुरा खालून सडतो.

कुंडी एक फूट रुंद, तळाला तीन-चार भोकं. दोन घमेली लाल माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं जाड वाळू. चुलीची राख अजिबात टाकू नका. परसातल्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी राख ओतायची आपली सवय आहे, पण राख चुन्यासारखीच काम करते. तुरा चार-पाच सेंटीमीटरच खोल लावा, पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या खोबणीत, मातीचा कण जाता कामा नये. लावणीची वेळ मृग बरसून गेल्यावर, जून-जुलैची. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. हलकेच ओढून पाहिलं आणि तुरा हलला नाही, तर लागला.

कुणाकडे फळलेलं झाड असेल तर तुऱ्यापेक्षा त्याच्या बुडाचा फुटवा मागून घ्या. फुटव्याला तुऱ्याच्या मानानं सहा-आठ महिने आधी फळ येतं. तुऱ्याला आपल्याकडे दोन वर्षांहून कमी काळ लागेल असं धरून चालू नका.

खताचा हिशोब झाडाला वर्षाला 8 ग्रॅम नत्र, 4 ग्रॅम स्फुरद, 8 ग्रॅम पालाश असा आहे. नत्र युरियातून न देता अमोनियम सल्फेटमधून द्या, त्यानं माती थोडी आंबट होते. वर्षाला 38 ग्रॅम, चार हप्त्यांत. सिंगल सुपर फॉस्फेट 25 ग्रॅम लावतानाच मिसळा, सल्फेट ऑफ पोटॅश 16 ग्रॅम दोन हप्त्यांत. पानं पिवळी दिसली की हिराकस (फेरस सल्फेट) पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारा. मुळाशी ओतलेलं हिराकस चुनखडी गिळून टाकते. अननसाची पानं मात्र पन्हाळीसारखी असतात, वर पडलेलं पाणी बुडाशी उतरतं आणि झाड ते तिथूनही शोषतं. महिन्यानं पुन्हा एकदा फवारा.

आता मे महिना. 22 ते 32 अंश हे अननसाचं सुख, आणि आपल्याकडे 45 च्या पुढे जातं. झाड मरत नाही, पण वाढ थांबते आणि पानं विटकरी पडतात. कुंडी पूर्वेच्या भिंतीशी ठेवा, म्हणजे दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल. मार्च ते मृगापर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. जमिनीत लावलं असेल तर आंब्याच्या विरळ सावलीत, बुडाशी तणस (भाताचा पेंढा) किंवा कुटाराचा (भुशाचा) चार बोटं थर. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी पाणी, तेही ऊन उतरल्यावर. कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळलं तर मुळं वाचतात. कुंडीतली माती तापते हे कुणाच्या ध्यानात येत नाही, सगळं लक्ष पानांकडे.

पावसाळ्यातलं संकट वेगळं. पाणी साचून राहिलं की पोंगा सडतो. मधलं पान ओढलं की अलगद हातात येतं, बुडाशी पांढरट लिबलिबीत आणि घाण वास. तसं झाड उपटून लांब टाका, शेजारच्याला लागेल. दुसरं म्हणजे पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके आणि त्यांच्याभोवती मुंग्या. मुंग्याच त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. ढेकणांसोबत एक रोगही पसरतो, त्यात पानं लाल होऊन शेंडे खाली वळतात. निंबोळी तेल पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी लिटरभरात फवारा, पण आधी मुंग्यांचं वारूळ शोधा.

झाडाला 35 ते 40 पानं झाली की ते फळायला तयार. थंडीच्या लहान दिवसांत आणि गार रात्रींत ते आपोआप फुलावर येतं. पोंग्याच्या मध्यात लाल बोंड दिसतं, मग खालून वर एकेक निळसर जांभळं फूल उमलतं, प्रत्येकाचं आयुष्य एका दिवसाचं. अशी शंभर-दोनशे फुलं, आणि त्या सगळ्यांची फळं एकमेकांना चिकटून एक अननस. सालीवरचा एकेक डोळा म्हणजे एकेक फूल.

अडचण अशी की थंडीत लागलेलं फळ एप्रिल-मेमध्ये वाढतं आणि एका बाजूनं भाजतं. भाजलेली बाजू आधी पिवळी, मग भुरकट होते, आतला गर पाणचट. यावर दोन उपाय. एक, झाडाचीच लांब पानं वर ओढून फळाभोवती सुतळीनं बांधा आणि तणसाची टोपी घाला. दुसरा, फूल आधीच आणवा. धुरानं झाड फुलावर येतं हे अटलांटिक महासागरातल्या अझोर बेटांवरच्या काचघरांत योगायोगानं कळलं होतं, आणि त्यामागे इथिलीन हा तोच वायू आहे जो आढीत आंबा पिकवतो. बाजारात हाच वायू सोडणारं औषध, इथेफॉन 39 टक्के, मिळतं. 10 लिटर पाण्यात फक्त 0.65 मिली, सोबत युरिया 200 ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट 4 ग्रॅम. 0.65 मिली मोजायला इन्सुलिनची सिरिंज घ्या, झाकणानं अंदाज करू नका. एका झाडाच्या पोंग्यात 50 मिली ओता, संध्याकाळी, आणि रात्री पाऊस आला तर पुन्हा द्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिलं तर फळ कडक उन्हाआधी हाती येतं. थंडीत वाढलेलं असल्यानं थोडं आंबट राहतं, पण भाजलेल्यापेक्षा बरं. दोन-चारच झाडं असतील तर औषधही नको. झाडावर प्लास्टिकची पिशवी बांधा, आत दोन पिकी केळी ठेवा, सावलीत चार-पाच दिवस.

पंचवीसपेक्षा कमी पानांच्या झाडावर ही घाई केली तर लिंबाएवढं फळ येतं. एका झाडाला फळ एकदाच. नंतर बुडाचा एक जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे काढून लावा.

फळ झाडावरच पिकू द्या, खालच्या डोळ्यांचा एक तृतीयांश भाग पिवळा झाला की काढा. अननसाच्या फळात पिष्ट साठलेलं नसतं, साखर झाडाकडूनच येते. म्हणून तोडल्यावर तो पिवळा होतो, मऊ होतो, गोड होत नाही. आढी घालणं फुकट. बाजारातून घेतानाही रंगावर जाऊ नका. बुडाचा वास घ्या, आकाराच्या मानानं जड पाहा, डोळे चपटे आणि भरलेले हवेत. देठाशी आंबूस, दारूसारखा वास आला तर ठेवून द्या. तुऱ्याचं पान सहज निघतं का, ही पारख आचारी सांगतात, पण सुकलेल्या फळाचंही निघतं.

सोलताना साल पातळ काढा. डोळे तिरक्या ओळींत असतात, त्या ओळीनं सुरी दोन बाजूंनी तिरपी लावून चर काढला की डोळे जातात आणि गर वाचतो. बुडाकडचा गर जास्त गोड, म्हणून चकत्या न करता उभ्या फोडी करा, सगळ्यांना सारखं मिळतं.

स्वयंपाकात बिघडतं ते एकाच गोष्टीनं. कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. जीभ चरचरते ती त्यानंच, आणि सोबतीला सुईसारखे बारीक स्फटिक. दह्यात कच्च्या फोडी टाकल्या की तासाभरात रायतं कडू आणि पातळ. जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, चायना ग्रासची होते, कारण त्यात प्रथिन नाही. उपाय सोपा आहे: फोडी पाच-सात मिनिटं खळखळ शिजवा, ब्रोमेलेन मरतं. गार करा, मग घट्ट दही, मीठ, साखर, जिरेपूड आणि वरून सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर.

शिऱ्याला एक वाटी रवा, पाऊण वाटी तूप, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी, एक वाटी बारीक फोडी. फोडी दोन चमचे साखरेत वेगळ्या शिजवून घ्या. रवा तुपात मंद आचेवर गुलाबी भाजा, उकळतं पाणी घाला, झाकण ठेवून रवा पूर्ण फुलू द्या आणि मगच साखर व अननस. साखर आधी पडली तर रवा कचकचीत राहतो, मग कितीही वाफ द्या. दुधात हा शिरा करू नका. शिजवून ब्रोमेलेन गेलं तरी आंबटपणा जात नाही आणि दूध फाटतं.

मधला दांडा फेकू नका. किसून, पाण्यात उकळून, गूळ आणि काळं मीठ घातलं की पन्हं होतं.